मंगरूळपीरचा ताप कोण मोजतो?

आषाढाच्या सरी पडून जातात, सोयाबीन गुडघ्याला लागतं, डवरणी-फवारणीची घाई उडते आणि त्याच सुमारास वाशिम जिल्ह्यात घरोघरी ताप शिरतो. आधी शाळेतल्या पोराला, मग त्याच्या आईला, मग ओसरीवरच्या आजोबांना. अंग ठणकतं, घसा धरतो, कोरडा खोकला सुटतो. "व्हायरल चालू हाये" एवढ्यावर निदान आटोपतं. मेडिकलमधून गोळ्या येतात, दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते, फारच गळाठा आला तर सलाईन लागतं आणि आठवड्याभरात माणूस पुन्हा वावरात दिसतो. यातल्या किती जणांना फ्लू होता, कुठल्या जातीचा होता, गेल्या वर्षीपेक्षा जास्त होता की कमी, याचं उत्तर तालुक्यात कुणाकडेच नसतं. तरीही दरवर्षी राज्याचा फ्लूचा आकडा जाहीर होतो, वर्तमानपत्रात छापून येतो आणि त्यावरून आपण घाबरायचं की निश्चिंत राहायचं हे ठरवतो. हा आकडा नेमका कशाचा असतो, ते मंगरूळपीरसारख्या गावात उभं राहून पाहिलं की जास्त स्पष्ट दिसतं.

मंगरूळपीर तसं आडवाटेचं नाही. गावाच्या नावातच पीर आहे. दादा हयात कलंदरांच्या दर्ग्याला विदर्भ-मराठवाड्यातून भाविक येतात. बिरबलनाथ महाराजांची यात्रा भरते तेव्हा पंचक्रोशी लोटते. रेल्वे इथे कधी आली नाही, पण तालुक्यातल्या शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग गेला आणि नागपूर-शिर्डीचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाल्यापासून पुण्या-मुंबईचं अंतर तासांच्या हिशेबात घटलं. कंपनीत कामाला गेलेली पोरं राखीला, पोळ्याला, दिवाळीला रातोरात गावी येतात. विषाणूलाही हाच रस्ता मोकळा असतो. चाकणला सोमवारी खोकणारा तरुण मंगळवारी सकाळी शेलूबाजारला उतरू शकतो. त्याच्या खोकल्याची नोंद मात्र चाकणला होत नाही आणि मंगरूळपीरलाही होत नाही.

मोजायची यंत्रणा नाही असं मात्र नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात त्याचा मध्यवर्ती कक्ष, पुण्यात राज्याचा, प्रत्येक जिल्ह्यात जिल्ह्याचा. आठवडा सोमवार ते रविवार धरायचा आणि तीन नमुन्यांत माहिती वर पाठवायची. 'एस' नमुना उपकेंद्राच्या सिस्टरनं भरायचा, संशयितांचा. 'पी' नमुना डॉक्टरनं भरायचा, तपासून बांधलेल्या निदानाचा. 'एल' नमुना प्रयोगशाळेचा, सिद्ध झालेल्या आजाराचा. ५ एप्रिल २०२१ पासून हे सगळं कागदावरून उठून देशभर एका डिजिटल मंचावर गेलं आणि आठवड्याची माहिती रोजची झाली.

'एस' नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. त्यात फ्लू हा शब्दच नाही आणि नसणंच योग्य आहे, कारण उपकेंद्रात विषाणू दिसत नाही, माणूस दिसतो. म्हणून रकाने लक्षणांचे आहेत. सात दिवसांच्या आतला ताप: नुसता, पुरळासह, रक्तस्रावासह, गुंगी किंवा बेशुद्धीसह. खोकला: थोड्या दिवसांचा, लांबलेला. पुरळ गोवराकडे बोट दाखवतं, रक्तस्राव डेंगीकडे, गुंगी मेंदूज्वराकडे, लांबलेला खोकला क्षयाकडे. फ्लू राहतो तो 'नुसता ताप' आणि 'थोड्या दिवसांचा खोकला' या दोन सर्वांत साध्या, सर्वांत गर्दीच्या आणि म्हणून सर्वांत दुर्लक्षित रकान्यांत. 'पी' नमुन्यात डॉक्टरांसाठी श्वसनमार्गाचा तीव्र संसर्ग आणि फ्लूसदृश आजार यांचा रकाना आहे. जागतिक आरोग्य संघटनेची फ्लूसदृश आजाराची व्याख्या अगदी नेमकी आहे: ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, सोबत खोकला, आणि सुरुवात गेल्या दहा दिवसांतली. थर्मामीटर आणि दोन प्रश्न, एवढ्यात काम भागतं.

अडतं ते माणसापाशी. आशाताई दारात उभी राहून विचारते, "काकू, घरी कोनाले ताप हाये का?" "होता वं बाई, आता उतरला." उतरलेला ताप कुठल्या रकान्यात लिहायचा? ज्यांचा उतरलेला नसतो ते वावरात असतात किंवा खासगी दवाखान्यात गेलेले असतात. आशा, सिस्टर, आरोग्यसेवक ही माणसं लसीकरण, बाळंतपणं, क्षय, कुष्ठ, डेंगीच्या अळ्या, गोळ्यांचं वाटप हे सगळं एकाच वेळी वाहतात. त्यांच्यावर दोष ठेवायला मी तयार नाही. तापाची खरी गर्दी तालुक्याच्या गावातल्या खासगी दवाखान्यांत असते, आणि आठवड्याला तापाचे आणि खोकल्याचे किती रुग्ण आले ही साधी संख्या तिथून सरकारपर्यंत क्वचितच जाते. मग अहवालात 'निरंक' लिहिलं जातं. निरंकचे दोन अर्थ संभवतात: आजार नव्हता, किंवा कुणी पाहिलं नाही. वर बसलेल्या अधिकाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

आता राज्याचे आकडे घेऊ. २००९ मध्ये आलेला एच१एन१, ज्याला आपण अजूनही स्वाइन फ्लू म्हणतो, त्याच्या महाराष्ट्रातल्या नोंदी सरकारी तक्त्यात अशा आहेत. २०१५ मध्ये ८,५८३ रुग्ण आणि ९०५ मृत्यू. २०१६ मध्ये ८२ रुग्ण आणि २६ मृत्यू. २०१७ मध्ये ६,१४४ आणि ७७८. २०१८ मध्ये २,५९३ आणि ४६१. २०१९ मध्ये २,२८७ आणि २४६. २०२० मध्ये १२१ आणि ३. २०२१ मध्ये ३८७ आणि २. २०२२ मध्ये ३,७१४ आणि २१५.

या रांगेकडे नीट पाहा. २०१६ मध्ये शंभरातले बत्तीस दगावले, २०१८ मध्ये शंभरातले अठरा, २०२२ मध्ये सहा. एकच विषाणू एका वर्षी तिसरा हिस्सा माणसं मारतो आणि सहा वर्षांनी सहाच टक्के, असं होत नसतं. हंगामी फ्लूनं मरणाऱ्यांचं खरं प्रमाण एक टक्क्याच्याही खूप खाली असतं. बदलत होता तो भागाकाराचा खालचा आकडा, म्हणजे तपासलेली माणसं. ज्या वर्षी ओरड कमी त्या वर्षी चाचण्या कमी, आणि त्याही अगदी अत्यवस्थ रुग्णांच्या. म्हणून राज्याचा फ्लूचा आकडा हा आपल्या तपासणीचा आकडा आहे. त्यात फ्लूचाच एच३एन२ हा प्रकार नाही, बी प्रकारचा फ्लू नाही, आणि मंगरूळपीरच्या ओसरीवरचे आजोबा तर नाहीतच.

हे कुणी लपवाछपवी करून घडवलेलं नाही. नियमच तसा आहे, आणि रुग्णाच्या दृष्टीनं तो शहाणपणाचाही आहे. २००९ नंतर देशभर रुग्णांचे तीन वर्ग केले गेले. 'अ' म्हणजे सौम्य ताप, खोकला, अंगदुखी: घरी थांबा, चाचणी नको. 'ब' म्हणजे जास्त ताप आणि तीव्र घसादुखी, किंवा रुग्ण जोखमीचा, म्हणजे गर्भवती, लहान मूल, वृद्ध, मधुमेही, दम्याचा: फ्लूवरचं ऑसेल्टामिविर हे औषध सुरू करा, चाचणीसाठी थांबू नका. 'क' म्हणजे धाप, छातीत दुखणं, रक्तदाब उतरणं, थुंकीत रक्त, निळी नखं: ताबडतोब भरती आणि चाचणी. उपचारासाठी हा नियम चोख आहे. प्रत्येक शिंकेची चाचणी करणं परवडणारं नाही आणि गरजेचंही नाही. चूक पुढे होते. उपचारासाठी घातलेल्या चाळणीतून खाली पडलेला आकडाच आपण साथीचं माप म्हणून वापरतो. 'क' वर्गातला रुग्ण दिसतो तेव्हा गावात साथ येऊन काही आठवडे झालेले असतात.

मंगरूळपीरच्या रुग्णाचा नमुना कसा जातो, तेही पाहिलं पाहिजे. टोकाला सिंथेटिक तंतूंचा बोंडा असलेली लवचीक काडी नाकपुडीतून आत, जवळजवळ कानाच्या पातळीपर्यंत न्यायची, काही क्षण ठेवायची, फिरवत बाहेर काढायची. दुसरी काडी घशाच्या मागच्या भिंतीवरून. दोन्ही काड्या विषाणू जिवंत ठेवणाऱ्या द्रवाच्या कुपीत बुडवून वरचं टोक मोडायचं, झाकण घट्ट, त्यावर नाव-वय-तारीख. कुपी पिशवीत, पिशवी डब्यात, डबा बर्फाच्या पेटीत, दोन ते आठ अंशांत. मग गाडी. २००९ मध्ये राज्यभरातून अशा पेट्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे धावत होत्या. नंतर नागपूरच्या मेयो रुग्णालयात, म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विदर्भाची सोय झाली. करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विषाणू प्रयोगशाळा उभी राहिली आणि पेटीचा प्रवास पुष्कळच आखडला. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं त्यांत वाशिमही आहे. म्हणजे अंतराची सबब आता उरलेली नाही.

औषधाचंही तसंच. ऑसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत दिलं तर सर्वांत जास्त उपयोगी पडतं. २०१७ पर्यंत ते औषध कायद्याच्या अत्यंत कडक 'एक्स' अनुसूचीत होतं, मोजक्या परवानाधारक दुकानांतच मिळायचं. २०१७ मध्ये ते 'एच-१' मध्ये आणलं गेलं आणि डॉक्टरची चिठ्ठी असेल तर साध्या मेडिकलमध्ये मिळण्याची वाट मोकळी झाली. पण गावात फ्लू आला आहे हे डॉक्टरला माहीत असेल तरच तो पहिल्या ४८ तासांत ते लिहील. नाही तर सलाईन आणि अँटिबायोटिक चालू राहतं, जे फ्लूच्या विषाणूला काहीही करत नाही.

नमुने जिथे धावत होते त्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेबद्दल दोन शब्द. ती १९५२ ची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी विषाणू संशोधन केंद्र म्हणून ती सुरू केली. फ्लूवर नजर ठेवणारं जागतिक आरोग्य संघटनेचं प्रयोगशाळांचं जाळंही त्याच वर्षी उभं राहिलं आणि पुणे त्यात भारताचं केंद्र आहे. फ्लूचा विषाणू सतत रूप पालटतो, म्हणून या जाळ्यातून आलेल्या नमुन्यांच्या आधारावर वर्षातून दोनदा ठरतं की पुढच्या लसीत कोणते वाण घालायचे: उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, दक्षिणेसाठी सप्टेंबरात. वाणाला नाव मिळतं ते नमुना जिथे सापडला त्या ठिकाणाचं. २००९ पासूनचा 'कॅलिफोर्निया' वाण २०१७ मध्ये लसीतून निघाला आणि 'मिशिगन' आला. त्याच वर्षी महाराष्ट्रानं ७७८ मृत्यू पाहिले.

आपला हंगाम कोणता, हेही अशाच चिकाटीच्या मोजणीतून कळलं. पुण्याच्या संस्थेसह देशातल्या दहा शहरांतल्या केंद्रांनी वर्षानुवर्षं सौम्य रुग्णांचेही नमुने घेतले. त्यांत नागपूर होतं. श्रीनगरात फ्लू हिवाळ्यात चढतो, चेन्नई-वेल्लोरकडे ईशान्य मोसमी पावसात, आणि देशाच्या मोठ्या भागात जुलै ते सप्टेंबर. म्हणजे विदर्भातला ओल्या दिवसांचा ताप हा 'पाणी बदललं' म्हणून येणारा ताप नाही. त्यात फ्लूचा मोठा वाटा आहे. यावरून निघालेला सल्ला अगदी व्यवहाराचा आहे: आपल्याकडे फ्लूची लस एप्रिल-मे मध्ये, पाऊस लागायच्या आधी घ्यावी. २०१५ च्या लाटेनंतर महाराष्ट्रानं गर्भवती, मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना सरकारी दवाखान्यातून ती मोफत देण्याचं धोरण आखलं. तालुक्यातल्या किती गर्भवतींना हे ठाऊक आहे, हा प्रश्न मला तक्त्यातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा वाटतो.

गावपातळीवर मोजता येत नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या वढूकडे पाहावं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानं शिरूर-हवेली भागातल्या बावीस गावांत घरटी माणसांची नोंद ठेवली आहे. कोण जन्मलं, कोण गेलं, कोण बाहेरगावी राहायला गेलं, सगळं. २००९ च्या साथीपासून तिथल्या रुग्णालयांत भरती होणाऱ्या श्वसनाच्या रुग्णांचे नमुने तपासले गेले. माणसं किती आहेत हे आधीच माहीत असल्यामुळे दहा हजारांत कितींना फ्लूनं रुग्णालय दाखवलं, हे तिथे सांगता आलं. ग्रामीण महाराष्ट्रातल्या फ्लूविषयी ठामपणे बोलता येतं ते अशाच एखाद्या तुकड्यावरून.

वऱ्हाडाचा जुना हिशेब तर फार भीषण आहे. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरावरचे पोलीस शिपाई आजारी पडले आणि इन्फ्लुएंझा देशात शिरला. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. पुढच्या काही आठवड्यांत तापानं मध्य प्रांत आणि वऱ्हाड गाठलं. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, अन्न महागलं होतं. तेव्हा वाशिम जिल्हा अस्तित्वात नव्हता. १९०५ मध्ये तो मोडून वाशिम आणि मंगरूळ तालुके अकोल्याला जोडले गेले होते, ते १९९८ मध्येच पुन्हा वेगळे झाले. मध्य प्रांत-वऱ्हाड हा त्या साथीत सर्वाधिक पोळलेल्या प्रांतांपैकी एक होता. तिथे काही महिन्यांत शंभरातली पाच-सहा माणसं गेली. देशभरातल्या मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून पुढे जातात. १९११ ते १९२१ हे देशाची लोकसंख्या घटलेलं एकमेव जनगणना दशक ठरलं.

त्या मृत्यूंची नोंद गावपातळीवरून पोलीस ठाण्यामार्फत वर जात असे. कारणांचे रकाने ठरलेले: पटकी, देवी, प्लेग, ताप. इन्फ्लुएंझाचे बहुतेक बळी 'ताप' या रकान्यात पडले. पण मेलेला माणूस मोजला गेला आणि त्याचा आठवडा लिहिला गेला. मिशिगन स्टेट विद्यापीठाचे सिद्धार्थ चंद्रा आणि सहकारी यांनी २०१४ मध्ये देशातल्या दोनशेवर जिल्ह्यांच्या त्या साप्ताहिक नोंदी जुळवून दाखवलं, की साथ मुंबईहून पूर्वेकडे सरकताना मंदावत गेली, लांबत गेली आणि तिची धार उतरत गेली. शंभर वर्षांपूर्वीच्या, अर्धवट शिकलेल्या माणसांनी केलेल्या ढोबळ नोंदींतूनही एवढं कळतं. नोंद अचूक असण्याआधी ती दर आठवड्याला, न चुकता झालेली असावी लागते.

अलीकडची एक गोष्ट. २०२५ च्या फेब्रुवारीअखेर मंगरूळपीरच्या शेजारच्या कारंजा तालुक्यात खेर्डा इथे एका पोल्ट्रीत पाच-सहा दिवसांत हजारो कोंबड्या मेल्या. नमुने गेले, बर्ड फ्लू सिद्ध झाला, परिसर बाधित म्हणून बंद झाला. मेलेल्या कोंबड्यांची संख्या पक्षीगणिक जाहीर झाली: ६,८३१. त्याआधी डिसेंबर २०२४ च्या शेवटी नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूनं दगावले होते. म्हणजे पक्ष्यांतला फ्लू आपल्या दारात आहे. तो माणसात शिरला तर पहिली खूण काय दिसेल? पोल्ट्रीवर काम करणाऱ्या एखाद्या मजुराचा साधा ताप आणि थोड्या दिवसांचा खोकला. त्याच गर्दीच्या रकान्यात तो बसेल. नेहमीचा ताप किती असतो हे जिथे कुणी लिहून ठेवलेलं नाही, तिथे वेगळा ताप ओळखायचा कसा?

यावर फार मोठा खर्च लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक तालुक्यात एक ठरावीक बाह्यरुग्ण विभाग निवडावा, मंगरूळपीरमध्ये ग्रामीण रुग्णालयाचा. तिथे वर्षभर, साथ असो वा नसो, आठवड्याला फ्लूसदृश आजाराचे पहिले पाच रुग्ण घ्यावेत, सौम्य असले तरी, आणि त्यांचे नमुने अकोल्याला पाठवावेत. पाचांत एकही फ्लू नाही हेही उत्तर आहे. पाचांत तीन निघाले की साथ आली. सोबत दोन-चार खासगी दवाखान्यांनी फक्त दोन संख्या कळवाव्यात: आठवड्यात एकूण रुग्ण किती, त्यात ताप-खोकल्याचे किती. नाव नको, पत्ता नको. खासगी डॉक्टर कळवत नाहीत ही तक्रार क्षयरोगाच्या बाबतीतही होती. २०१२ मध्ये क्षयरुग्णाची नोंद कळवणं बंधनकारक झालं, पुढे प्रत्येक नोंदीमागे डॉक्टरला ५०० रुपये देण्याची तरतूद झाली, आणि खासगी दवाखान्यांतून नोंदी येऊ लागल्या. फ्लूला तेवढंही लागणार नाही.

आणि आकडा परत खाली आला पाहिजे. गावाकडून माहिती वर जाते, ती पुणे-दिल्लीला पोहोचते, पण ज्या सिस्टरनं रकाना भरला तिला आपल्या तालुक्यात या आठवड्यात काय चाललंय ते कुणी सांगत नाही. फळ्यावर चार ओळी लिहिल्या तरी पुष्कळ. 'या आठवड्यात फ्लू वाढला आहे' एवढं वाचून डॉक्टर गर्भवतीला पहिल्याच दिवशी औषध लिहील, शाळेचा मास्तर खोकणाऱ्या पोराला घरी पाठवील.

मंगरूळपीर, मानोरा, कारंजा किंवा कुठल्याही तालुक्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना माझी विनंती आहे, की उद्यापासून टेबलावर एक वही ठेवा आणि ताप-खोकल्याच्या रुग्णांच्या रेघा ओढा. सरकार मागेल तेव्हा मागेल. आणि वाचकहो, घरात गर्भवती, साखरेचा किंवा दम्याचा रुग्ण असेल तर येत्या एप्रिल-मे मध्ये जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन फ्लूच्या लशीची चौकशी करा. तापात धाप लागली, ओठ-नखं निळसर दिसली, मूल खाणं-पिणं सोडून गुंगीत राहू लागलं, तर सलाईनच्या भरवशावर रात्र काढू नका. त्याच वेळी रुग्णालय गाठा.